तेरा आठे

मास्तरीणबाई गेल्याचं कळलं तेव्हा मिस्त्री एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात कपाटाला दार बसवत होते. फोन लेकीचा होता, "बाबा, आई गेली." दार एकाच बिजागरीवर लोंबत होतं, म्हणून त्यांनी आधी दुसरी बिजागरी कसली, दार नीट मिटतंय ना ते पाहिलं, आणि मग फरशीवर बसले.

बाई निवृत्त झाल्या होत्या आणि वर्षभरासाठी परदेशातल्या एका शाळेत बिनपगारी गणित शिकवायला गेल्या होत्या. "घरी बसून काय माशा मारू?" म्हणाल्या.

"तिथली भाषा कुठं येते तुला?" मिस्त्रींनी विचारलं.

"तुम्हाला लाकडाची भाषा येते का? तरी कामं करताच ना!"

लग्नापासून शेवटचा शब्द बाईंचाच असे. वर्ष सरत आलं आणि एका सकाळी बाई उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या.

लेकीला घेऊन मिस्त्री तिकडे पोचले. अग्नी तिथेच दिला. आता शाळेतून बाईंचं सामान घ्यायचं आणि परत फिरायचं, असं ते धरून चालले होते. पण मुख्याध्यापिका सामान पुढे करेनात. लेकीला तिथली भाषा येत होती. तिच्याशी त्या खालच्या आवाजात बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणतात?"

"मुलांना अजून सांगितलेलं नाही, बाबा. बाई आजारी आहेत, एवढंच माहीत आहे त्यांना. मुलं रोज विचारतात आणि यांना धीर होत नाही. तुम्ही घरचे, तुम्ही सांगाल का, असं विचारतायत."

"मी? चार माणसांत नुसते आभार मानायचे तर मला घाम फुटतो!"

"तुम्ही फक्त बोला. त्यांच्या भाषेत मी सांगते."

नाही कसं म्हणणार? वर्गात शिरताना मिस्त्रींनी सवयीनं पहिल्या बाकावरून हात फिरवला. लाकूड चांगलं होतं, पण सांधे खिळ्यांवर भागवलेले. आठ-नऊ वर्षांची मुलं उठून उभी राहिली. हे बाईंचे यजमान, असं लेकीनं सांगितलं तशी कुजबुज सुरू झाली. पुढचा दात पडलेली एक मुलगी मागे वळली, तिनं सगळ्यांना खूण केली, आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणू लागला:

"तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..."

ह्या पोरांना 'पाणी' म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि पाढा मात्र चक्क मराठीत, बाईंच्या चालीत, पाचावर तोच हेल काढून! "तेरा सत्ते एक्क्याण्णव, पाठ ताठ!" आणि सगळ्यांच्या पाठी खरंच ताठ झाल्या. पुढे तर कहर झाला.

"तेरा आठे... अगं बाई, थांबा हं... चारोदरसे!"

घरी मिस्त्री फळी मापताना ओट्याकडे हिशेब ओरडून विचारायचे आणि बाई आतून उत्तर द्यायच्या. साऱ्या जन्मात बाई अडखळल्या त्या फक्त इथेच, एकशे चारापाशी. ते अडखळणंही मुलांनी पाढाच समजून घोकलं होतं, आणि आता सगळा वर्ग मिळून, न चुकता, अडखळत होता.

लेकीनं तोंडावर हात धरला. हसू आणि रडू एकदमच आलं. "बाबा, चुकीचं पाठ झालंय त्यांचं. सांगू का?"

"खबरदार! एक अक्षर हलवायचं नाही."

पाढा संपला. देवळाच्या गाभाऱ्यातसुद्धा मिस्त्रींना कधी असं झालं नव्हतं. पायांत वहाणा आहेत हे ध्यानात आलं आणि त्यांनी त्या तिथेच उभ्या उभ्या काढल्या. बाईंना त्यांनी स्वतः अग्नी दिला होता, आणि इथे एवढ्या तोंडांतून बाई बोलत होत्या.

दारातून मुख्याध्यापिकांनी मान हलवली. आता सांगा.

मिस्त्रींनी घसा खाकरला. तेवढ्यात दात पडलेल्या मुलीनं काहीतरी विचारलं.

"काय म्हणतेय?"

"बाई कधी येणार म्हणतेय. चौदाचा राहिलाय."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. शब्द तयार होते, लेक भाषांतराला तयार होती, पोरं पाठ ताठ करून बघत होती.

"चौदा एके चौदा," मिस्त्री म्हणाले.

"बाबा!"

"चौदा दुणे अठ्ठावीस."

मुलांनी ते उचललं. मिस्त्रींचा आवाज चिरका, चाल कशीबशी, पण ओट्याकडून येणारी उत्तरं ऐकून ऐकून पाढा पक्का झाला होता. मध्येच त्यांना खोकला आला, तर वर्गही खोकला. मिस्त्री हसले. लेक डोळे पुसत खाली बसली. चौदा दाहे चाळासेपर्यंत मुलांनी त्यांना नेलं, परत पहिल्यापासून म्हणायला लावलं, आणि घंटा झाली तशी ती दप्तरं उचलून बाहेर पळाली.

मिस्त्री रिकाम्या बाकांमध्ये उभे राहिले. मुलांना सांगायचं राहिलंच होतं.