लॅपटॉपसमोरचा कूलर

रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या आमच्या घरात कूलर एकच आणि नियमही एकच: ज्याची परीक्षा, त्याच्याकडे कूलरचं तोंड. पण मे महिन्यातल्या त्या दुपारी माझ्या मुलीनं, चेतनानं, तो लॅपटॉपकडे वळवला. ओली हवा नको म्हणून पाण्याचा पंपही बंद केला. रेल्वेच्या कचेरीतून रिटायर झालेला बाप घामानं निथळतोय, त्याची कोणाला फिकीर नव्हती.

"काहून वं पोट्टे, त्याचा कोनता पेपर हाये?"

"बाबा, कल गाइड को रिज़ल्ट दिखाना है. नाही दाखवला तर रिसर्चची मुदत संपली."

कारखान्यात आग लागली तर धूर कुठून बाहेर जाईल, हे ती कॉम्प्युटरवर पाहते. त्याचं सॉफ्टवेअर जगभरची माणसं मिळून बनवतात, तेही फुकट. तिच्याकडची आवृत्ती मधेच बंद पडायची. अजून घडत असलेल्या आवृत्तीत तो दोष नव्हता, म्हणून त्या आवृत्तीचा सगळा कोड इंटरनेटवरून उतरवून ती घरीच बांधत होती, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम बनवत होती. लॅपटॉप तव्यासारखा तापला होता.

बांधून झालं, चालवलं, आणि पडद्यावरचा धूर वर जायचा सोडून जमिनीकडे आला. मी खुर्चीतून उठलोच.

पोरगी मात्र शांतपणे त्या कोडच्या जुन्या अवस्थांकडे मागे जाऊ लागली. महिन्यापूर्वीची अवस्था बांधली, धूर नीट. मागच्या आठवड्यातली बांधली, उलटा. मधलं अंतर निम्मं-निम्मं करत ती एकाच बदलावर येऊन थांबली. तिथं करणाऱ्याचं नाव होतं, तारीख होती, का केला तेही होतं. मी थक्क झालो. आमच्या कचेरीत चूक सापडायची, करणारा जन्मात सापडला नाही.

"जुनं कोनी खोडत नाही?"

"नहीं बाबा. पहिल्या दिवसापासूनचं सगळं इथंच आहे."

तेवढा बदल बाजूला काढून तिनं पुन्हा बांधलं. धूर शहाण्यासारखा छताच्या झडपेतून बाहेर गेला. मग तिनं त्या अनोळखी माणसाला चूक कळवली. दिवेलागणीला त्याची दुरुस्ती आली आणि तिच्याखाली लिहिलेलं होतं: चूक दाखवली चेतना मेश्राम, रायपूर यांनी.

आमचं आडनाव आता हे सॉफ्टवेअर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाणार होतं, आणि ते कोणी खोडणार नव्हतं. माझे डोळे भरून आले. घाम आहे म्हणून पुसले.

माझ्या बायकोनं, भीमाबाईनं, कूलर आमच्याकडे वळवायला हात घातला.

"राहू दे वं," मी म्हणालो. "तिकडं लय मानसं बसली हायेत."