हापशीजवळ अंथरलेली सतरंजी

मुलांनो, बयनाबाईंच्या घरी लाकडी पेटीवर निळ्या-तांबड्या पट्ट्यांची सतरंजी दिसते ना, ती मी. आता जुनी झाले आहे. कडेचे दोरे सुटले आहेत.

हातमागावरून उतरले ती थेट भीमपूरकडच्या या गावात, हक्क समितीत आले. समिती म्हणजे गावातल्या दहाबारा बाया. कुणाची मजुरी दाबली, कुणाला मारझोड झाली, की बयनाबाई मला खांद्यावर टाकून निघायच्या. ज्याचं गाऱ्हाणं, त्यानं आधी बसायचं, मग बाकीच्यांनी, अशी त्यांची रीत. ती मला फार आवडायची.

गावातल्या सपनाच्या वेळी मात्र चूक झाली. तिच्या मुलीनं, अश्विनीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, म्हणून जातीच्या पंचांनी घर वाळीत टाकलं. हापशीचं पाणीही बंद केलं. सपना लांबच्या नाल्याचं गढूळ पाणी आणू लागली. बयनाबाईंनी सवयीनं मला देवळाच्या ओट्यावर अंथरलं. सपना रस्त्यातच थांबली.

"काऊन उभी हायेस वं? ये, बस."

"मावशी, या ओट्यावर चढाची मले बंदी हाये न."

एवढी साधी गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती.

पंचांचे म्होरके उद्धवराव हसले. "तक्रारवालीच बसत नाही, त बैठक कायची? घ्या गुंडाळून."

"गुंडाळतो न, भाऊ. पण घरी नाही नेत."

बयनाबाईंनी मला सरळ हापशीवर नेलं आणि चिखलातच पसरलं. इतकी मी कधी मळले नव्हते. सपना भीत भीत पहिली बसली. तिच्याभोवती समितीच्या बाया बसल्या.

उद्धवराव मागोमाग आले. "खुर्ची आणा रे."

"खुर्ची नाही. बोलाचं असन त इथं बसा. महसुलाच्या मंडल ऑफिसात आमी सांगून आलो हाओत," बयनाबाई म्हणाल्या.

ते उभेच राहिले. तेवढ्यात त्यांची बायको भागाबाई घागर घेऊन आली. घागर तिनं नवऱ्याच्या पायाशी ठेवली. "सरक वं सपने," म्हणत माझ्यावर बसली. "घरात पाणी नाही. आज तुमीच भरा."

बाया पदराआड हसल्या. दुपारी मंडलाचे साहेब आले, तेही माझ्यावरच बसले आणि वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, असं त्यांनी सांगितलं. मग उद्धवरावांना माझ्या एका कोपऱ्यावर बसावं लागलं. शेवटी ते म्हणाले, "भरू द्या तिले पाणी."

सपनानं हापशीचा दांडा धरला. भागाबाईनंही हात लावला.

अजून काही घरं सपनाशी बोलत नाहीत. समितीचं काम संपलेलं नाही. म्हणून मुलांनो, मला ऊन दाखवा, सुटलेले दोरे शिवा, कसर लागू देऊ नका. आणि तुमच्यातलं कुणी लांब उभं राहिलेलं दिसलं, तर त्याला नुसतं बोलावू नका. मला उचला आणि ते उभं असेल तिथं नेऊन अंथरा.