उजवा हातमोजा

हडसन उपसागराच्या काठावरच्या आमच्या रॉकेट तळावर माझं काम एकच: यंत्राला कुणाचा उघडा हात लागू द्यायचा नाही. रॉकेट वर गेलं की टोकावरचं झाकण उडतं आणि एका चकतीच्या बारीक भोकातून हवेतले आयन आत शिरतात. कुठले किती, ते यंत्र मोजतं. चकतीला बोटांचा घाम लागला, तर त्यातल्या मिठाचं सोडियमही मोजलं जातं. म्हणून हातमोजे. अकरा वर्षं मी लोकांच्या डोक्याशी हीच कटकट केली.

"अरे प्रोकोपचुक, नवरीलासुद्धा कुणी इतकं जपत नाही," रॉकेट चढवणारा रेनी म्हणायचा.

"म्हणूनच तुझी पळाली."

माझी तर आलीच नव्हती, ते सोडा.

यंदा रेनीची विनिपेगला बदली झाली. फेब्रुवारीत हिमवादळ ठाण मांडून बसलं आणि रॉकेट एकोणीस दिवस अडकलं. मी रोज चकती तपासायचो आणि जेवणघरात एकटाच बीटचं सूप प्यायचो. शेवटचं कुणी माझ्या पाठीवर थाप मारली ती कधी, हे आठवायला गेलो, तर आठवेना.

विसाव्या दिवशी आभाळ निवळलं. झाकण लावण्याआधी मी उजवा हातमोजा काढला आणि तळवा चकतीवर ठेवला. थंडगार होती. मग हळूहळू ऊब आली. मला फार बरं वाटलं. भानावर आलो तसा घाईघाईत स्पिरिटचा बोळा फिरवला आणि झाकण लावून टाकलं. दुपारी रॉकेट सुटलं.

संध्याकाळी डॉक्टर टेट नोंदींची गुंडाळी घेऊन धावतच आल्या. यंत्र त्यांचंच; सहा वर्षांचं त्यांचं काम, आणि हे शेवटचं रॉकेट.

"वॉल्टर, बघा तरी! झाकण उडाल्यापासून सोडियम! इतक्या कमी उंचीवर कुणालाच सापडलेलं नाही हो!"

आनंदाच्या भरात त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे हात ऊन होते. गप्प बसलो असतो, तर कुणाला कधीच कळलं नसतं. मी मनात दहापर्यंत आकडे मोजले. तेवढे क्षण मी स्वतःसाठी घेतले.

"डॉक्टर, ते सोडियम आकाशातलं नाही. ह्या हाताचं आहे."

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग सोडला.