पायाळूची बायको

अंबाजी जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आला, एवढंच खरं तर त्याचं कर्तृत्व. पण तेवढ्यावर मळवलीच्या पंचक्रोशीत त्याला जो मान होता, तो भल्याभल्यांना नव्हता. पायाळू माणसानं पाय लावला की पाठीत भरलेली उसण उतरते, हे सगळ्या मावळाला ठाऊक. रविवारी दिवस उगवायच्या आत त्याच्या अंगणात वाकलेली माणसं येऊन उभी राहत. कुणी बैलगाडीतून आणलेलं, कुणी भावाच्या खांद्यावर भार टाकून आलेलं. अंबाजी बाहेर येई, पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीला हलकेच डावा पाय लावी, समोरचा नारळ घेई आणि म्हणे, "ऊठ आता." आणि माणूस उठेही. पायाच्या गुणानं उठे, विश्वासानं उठे की घटकाभर निवांत पालथं पडायला मिळालं म्हणून उठे, याची चौकशी अंबाजीनं कधी केली नाही. उठतोय ना, मग झालं.

त्याच्या घरातली बाई मात्र बरी होत नव्हती.

मुक्ताबाईच्या उजव्या हाताला कळ लागे. खांद्याच्या मागून निघाली की कोपरावरून थेट करंगळीत उतरे. कधी मुंग्या येत, कधी नुसती आग. अंबाजीचा आंबेमोहर लोणावळ्याच्या बंगल्यांतून जाई आणि तिथल्या लोकांना तो हातसडीचाच लागे. सुगी सरली की मुक्ताबाईचा दिवस उखळापाशी उगवे आणि तिथंच मावळे. मुसळ वर, मुसळ खाली. या कळेला आता दोन वर्षं होऊन गेली होती. हात सुजला नव्हता, ताप नव्हता, कुठं खरचटलेलंही नव्हतं.

"दिसत न्हाई त्ये दुकतंय कसं गं?" सासू धोंडाबाई विचारी.

अंबाजीनं आपल्या परीनं इलाज केला होता, नाही असं नाही. हात दुखतो म्हणून त्यानं हाताला पाय लावला. रविवारी लावला, अमावास्येला लावला. कळ तसूभर हलली नाही. आणि इथंच सगळं बिघडलं. लोकांच्या उसणी उतरवणारा पाय घरात हरतो, हे अंबाजीच्या पचनी पडेना. एके दिवशी जेवता जेवता तो आईला म्हणाला, "खरं दुकतं त्येला गुण येतोच." त्या दिवसापासून मुक्ताबाईच्या दुखण्याला घरात सोंग म्हणू लागले. ती कण्हली की सासू म्हणे, "झालं सुरू." मुसळ थांबलं की आतून हाक येई. माणसाला दुखण्यापेक्षा हे जास्त लागतं. वाईट म्हणजे पुढं पुढं तिचा तिलाच संशय येऊ लागला. आपण खरंच कामचुकार तर नाही? कामचुकारालाच असं दुखत असेल का?

पौषात दोघं तांदूळ घेऊन लोणावळ्याला गेली. त्र्यंबकराव डॉक्टरांच्या घरचं ठरलेलं गिऱ्हाईक. ओसरीवर डोक्यावरची पाटी उतरवताना मुक्ताबाईचा हात गळाला आणि निम्मा तांदूळ फरशीवर पसरला.

"हाताला काय लकवा भरलाय?" अंबाजी खेकसला.

ती खाली बसून डाव्या हातानं तांदूळ गोळा करू लागली. डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं. आतून पत्नीला बोलावून घेतलं, मुक्ताबाईला बाकावर बसवलं आणि विचारलं, "कुठं दुखतं, बाई?"

"करंगळीत," ती म्हणाली, आणि आता हसतील म्हणून मान खाली घातली.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला उजवा हात छातीवरून पलीकडच्या खांद्यावर ठेवायला सांगितला. तसं करताच खांद्यामागचं फऱ्याचं पसरट हाड बाजूला सरकलं. त्याच्या कडेला, पदरावरूनच, त्यांनी अंगठा फिरवत नेला आणि एका जागी दाबला. मुक्ताबाई किंचाळली. तीच कळ, तोच रस्ता, जशीच्या तशी.

"गेली ना करंगळीत?" डॉक्टरांनी विचारलं.

मुक्ताबाईला रडू कोसळलं. आपली कळ कुठून निघते आणि कुठं जाते, हे न सांगता दुसऱ्या माणसाला कळलं होतं. डॉक्टरांच्या पत्नीला वाटलं फार दुखलं. तसं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं होतं.

"हे बघ अंबाजी, इथं बोट लाव," डॉक्टर म्हणाले. अंबाजीनं बोट लावलं. मांसात वाटाण्याएवढी टणक गाठ होती. "एकच काम सारखं केलं की मांस आखडतं, त्यात अशी गाठ धरते. दुखणं या गाठीचं आणि ठणका तिकडं हातात. तुमच्या स्टेशनात केबिनीतला दांडा ओढला की लांबवरच्या सिग्नलचा हात पडतो की नाही? तसंच. सिग्नलला तेल घालून काय उपयोग?"

"मंग आता?"

"दोन महिने मुसळ नाही, डोक्यावर ओझं नाही. रोज गरम फडक्यानं शेकायचं, अंगठ्यानं हळूहळू दाबायचं. घाई केलीस तर हात कायमचा जाईल."

परतीच्या वाटेला रिकामी पाटी अंबाजीनं स्वतः उचलली, आणि मुक्ताबाईला तेवढंही पुष्कळ होतं. संध्याकाळी त्यानं चुलीपाशी फडकं गरम केलं आणि गाठीवर अंगठा ठेवला. लोकांना पाय लावणाऱ्या या माणसाचा हात इतका हलका असेल, हे तिला एवढ्या संसारात कळलं नव्हतं. "हितंच का?" तो विचारी. "वाईच खाली," ती सांगे. धोंडाबाई धुसफुसत स्वतः कांडायला बसली. कळ हळूहळू मागं हटू लागली. आधी करंगळी मोकळी झाली, मग मनगट. मुक्ताबाईला झोप लागू लागली.

पण गावात बातमी उखळाच्या आवाजाहून लांब जाते. पायाळूची बायको डॉक्टरकडं गेली! पुढच्या रविवारी अंगणात मोजकीच माणसं आली. त्याच्या पुढच्या रविवारी कोणीच नाही. अंबाजी ओसरीवर बसून रिकाम्या अंगणाकडं बघत राहिला. त्या संध्याकाळी त्याचा अंगठा गाठीवर टेकला, पण त्याचं ध्यान नव्हतं. मुक्ताबाईला ते त्याच्या अंगठ्यातून कळलं.

मग एका रविवारी कार्ल्याचा कोंडाजी आला. त्याची उसण जुनी आणि तोंड फाटकं. त्याच्यामागं कुंपणाशी दहा-पाच माणसं, काय होतंय ते बघत.

"अंबाजी, पडू का पालथा?" कोंडाजी म्हणाला. "का मी बी लोनावळ्याला जाऊ? तुज्या घरच्यांस्नी तितंच गुण आला म्हनं."

कुणीतरी फिदकन हसलं. अंबाजीचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"कोन म्हनतं? डाक्टरनं नुस्ता हात लावला. गुण आला तो माज्या पायानं." त्यानं दाराकडं पाहिलं. "अगं, सांग की. तूच सांग."

मुक्ताबाई उंबऱ्यात उभी होती. सगळी माणसं तिच्याकडं बघत होती. अंबाजी तिच्याकडं ज्या नजरेनं पाहत होता, ती नजर तिनं कधी पाहिली नव्हती. तो काकुळतीला आला होता. नाही म्हटलं तर हा माणूस गावात मान वर करणार नाही, आणि तो राग घरात कुणावर निघेल हे सांगायला नको. हो म्हटलं तर ती बरी झाली. बऱ्या झालेल्या बाईनं बसून कसं राहायचं?

"व्हय," ती म्हणाली. "ह्यांच्याच पायानं."

कोंडाजी पालथा पडला. माणसं पुढं सरकली. अंबाजीनं पाय उचलला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडलेला सगळ्यांना दिसला. आणि धोंडाबाईनं उखळापासून उठून, कंबर धरत, मुसळ सुनेच्या हातात दिलं. तिनंही सगळं ऐकलं होतं.

दोन महिन्यांतले तीन आठवडे कसेबसे झाले होते. त्या संध्याकाळी मुक्ताबाईनं फडकं चुलीपाशी ठेवलं. अंबाजीनं ते पाहिलं, आईकडं पाहिलं आणि बैलांना वैरण घालायला निघून गेला. पायानं बरी झालेली पाठ पुन्हा दाबायची कशाला?

फाल्गुनात कळ पुन्हा करंगळीपर्यंत पोचली. मग बोटं वाकडी राहू लागली. मुक्ताबाई कांडतच राहिली.

एका दुपारी शेजारची कस्तुराबाई उखळाजवळ येऊन टेकली. नवी सून, कांडून कांडून पार वाळलेली. ती आपला उजवा हात चोळत होती.

"मावशी, हितनं जी कळ निगती ती पार करंगळीत जाती बगा. घरचे म्हनत्यात सोंग हाय. तुमचा हात बरा झाला न्हवं? खरंच येतो का ओ गुण त्येंच्या पायानं?"

मुक्ताबाईचं मुसळ थांबलं. पोरीच्या पाठीत ती गाठ कुठं असेल, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. हात पुढं करायचा अवकाश होता. ओसरीवर अंबाजी सुतळी वळत बसला होता. त्याचे हात थांबले.

"येतो की," मुक्ताबाई म्हणाली. "रईवारी ये."