झील कोणी धरायची

मिलचा भोंगा झाला तसा येडूने वाघरीच्या जाळीचा कोपरा उचलला. मेंढ्या एकमेकींना रेटत बाहेर पडल्या. लंगडी मागे राहिली, तिला त्याने गुडघ्याने ढकलले. केराबाईने शेळीची धार काढली आणि चुलीवर तवा टाकला. उंबऱ्यावर सिदू आपली काळी टोपी फडक्याने पुसत बसला होता. वाचनालयात शिपाई झाल्यापासून त्याची सकाळ अशीच उजाडे.

“आज सांजंला सबा हाय. झील तूच धरायची,” येडू लेकाला म्हणाला.

“बगू की.”

“बगू काय? चिटणीस सोता बोलवून गेल्यात.”

“त्याला टोपी संबाळायची हाय,” केराबाई हसली. “झील धरताना मान हलती, मग टोपी पडंल.”

सभेचा विषय होता, कलांचा समाजाला उपयोग काय. वाचनालयाचे चिटणीस वीरभद्रप्पा सज्जन गृहस्थ. बोलणाऱ्यांबरोबर एखाद्या गाणाऱ्यालाही ऐकावे, असा आग्रह त्यांचाच. त्यांना ठाऊक नव्हते ते इतकेच, की धनगराची ओवी एकट्याने होत नाही. एकाने ओळ सोडायची, दुसऱ्याने तिचे शेपूट उचलून परत द्यायचे. त्यालाच झील म्हणतात. ती आली नाही तर गाणाऱ्याला पुढची ओळ घेता येत नाही. आणि शेवटी देवापाठोपाठ दोघांचीही नावे ओवीत गुंफायची. सिदूला कंठ फुटल्यापासून येडूच्या ओवीत दुसरे नाव त्याचेच असे.

भरल्या सभेत येडूने कानावर हात ठेवून ओळ सोडली. सिदू भिंतीशी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. तो तांब्याकडे पाहत राहिला.

ऐकू गेले नसेल, असे वाटून येडूने तीच ओळ पुन्हा, वरच्या सुरात सोडली. पुढच्या रांगेत कोणीतरी मेंढीसारखे ओरडले. सभा खदखदून हसली.

“काय रे शिपाई,” अध्यक्ष वकीलसाहेब म्हणाले, “मघापासून तुझ्याकडेच बघतोय हा. तुझा कोण?”

“कोणी नाही, साहेब,” सिदू शुद्ध बोलीत म्हणाला. “आमच्याकडे दूध घालतो.”

वकीलसाहेब सभेकडे वळले. “जिला दुसरा आवाज मिळत नाही, त्या कलेची समाजाला गरज उरली नाही. मला एवढा पुरावा पुरे.”

टाळ्या पडल्या. येडूचा हात अजून कानावरच होता. वीरभद्रप्पांनी ओशाळून चहा मागवला. तो सिदूनेच आणला. येडू फुंकून फुंकून प्यायला आणि कप सिदूच्या हातात परत देताना म्हणाला, “लई गोड झाला, साहेब.”

घरी केराबाईने विचारले, “झील बरी झाली का?”

“झाली.”

पुढच्या रविवारी बिरोबाच्या देवळापुढे वाडीची माणसे जमली. सिदू टोपी घरी ठेवून आला आणि रोजच्या जागी, बापाच्या डाव्या अंगाला बसला. येडूने कानावर हात ठेवला. त्याने ओळ सोडली. सिदूने ती अशी उचलली की म्हातारी माणसे वा वा करू लागली. केराबाईने पदराने डोळे पुसले.

ओवी शेवटाला आली. येडूने देवाचे नाव घेतले, मग आपले. मग धोंडीरामचे.

धोंडीराम शेजारच्या वाघरीतला, कोपऱ्यात बसून झांज वाजवणारा, घोगऱ्या गळ्याचा. तो दचकला. झांज थांबली.

येडू कानावर हात ठेवून झील येण्याची वाट पाहत राहिला. घाई त्याला नव्हती. सगळी वाडी सिदूकडे बघत होती.

शेवटी सिदूने धोंडीरामचे नाव उचलले आणि परत दिले.