बिनदेव्याची मिशी

खळ्यावर वारा सुटला, उफणणी रंगात आली आणि दीर-भावजयीचं भांडणही. दिराला गाव बिनदेव्या म्हणायचं. देव नाही, धर्म नाही, सगळं थोतांड, हे तो शेजारच्या म्हशीलाही पटवायला बसायचा.

"भावजी, तुमच्या हाडामासात धर्म मुरलाय," वहिनी सूप झटकत म्हणाली.

"दिवस मावळेपर्यंत माझ्या हातून धर्माची एक जरी गोष्ट घडली ना, तर ही मिशी उतरवीन!"

आता मिशी म्हणजे त्याचा जीव की प्राण. रोज तेल, रोज पीळ. वहिनीनं लगेच बांधावरून चाललेल्या हजामचाचाला पंच नेमलं. चाचा नमाजी माणूस, म्हणजे यात कुणाच्याच बाजूचा नाही. तो वस्तऱ्या-कात्रीची धोपटी घेऊन सावलीत टेकला.

बिनदेव्या फार जपला. ठेच लागली, तर "अरे देवा" कसंबसं गिळून "अरे दगडा" म्हणाला. ऊन कललं तसा तो मिशी कुरवाळायला लागला. तेवढ्यात पाटी उचलताना पाय घसरला तो थेट धान्याच्या राशीत. बिनदेव्या झटकन वाकला, राशीला हात लावला आणि हात कपाळाला.

"सापडले!" वहिनीनं सूप फेकलं. "लक्ष्मीच्या पाया पडलात! काढा वस्तरा, चाचा!"

"हट्! हा कसला धर्म? ही आपल्या मुलखाची रीत आहे. पाय लागला की कुणीही नमस्कार करतो."

"आणि रीत काय आभाळातून पडली?"

"आईच्या धपाट्यातून आली!"

चाचा घाईनं उठला, धोपटी कलंडली आणि खाली पडलेल्या वस्तऱ्याला त्याचाच पाय लागला. चाचानं वस्तरा उचलून डोळ्यांना लावला.

"चाचा, तुम्हीसुद्धा?"

"अगं पोरी, धपाटे मलाही आईनंच घातलेत," चाचा ओशाळला.

"बघा! हा धर्म असता तर चाचानं केला असता?" बिनदेव्या नाचायला लागला.

"पण हे निघालं आमच्याच देवघरातून ना?"

चाचानं दाढी खाजवली. "निघालं तुझ्या देवघरातून पोरी, पण गावभर हिंडून माझ्या घरीही मुक्कामाला आलं. अर्धा धर्म, अर्धी रीत. बस रे खाली."

दिवस मावळता बिनदेव्या उजव्या मिशीला पीळ देत घराकडे निघाला. डावीकडं नुसताच गुळगुळीत ओठ.

वहिनीला हसू आवरेना. "भावजी, उरलेली पण काढा की. माणसं हसतील."

"हसू देत! ही जिंकलेली आहे!"