पागेतला उंदीर

त्या वर्षी भाद्रपदात लोणावळ्याच्या बाजारात माणसं राम राम करायच्या आधी विचारायची, तुमच्याकडं उंदीर पडला का. प्लेग पुण्यात होता, तळेगावात आल्याची बातमी होती, आणि कामशेतला आला की नाही यावर रोज दोन मतं होती. नगरपालिकेचा महिपती सकाळी चिमटा आणि घासलेटचा डबा घेऊन आळीआळीनं फिरे आणि प्रत्येक दारात तोच प्रश्न विचारी. पडला म्हटलं की घर रिकामं करायचं, कौलं उतरवून आत ऊन सोडायचं आणि माणसांनी गावाबाहेर माळावर जायचं. ज्यांची शेतं होती त्यांनी केव्हाच शेतात खोपटी घातली होती.

तबिथाबाईंच्या माणसांना शेत नव्हतं. घरही नव्हतं, म्हणून तर ती त्यांच्याकडं होती.

स्टेशनामागच्या एका बंगल्याची जुनी पागा मिशननं भाड्यानं घेतली होती. घोडे जाऊन माणसं आली, वास मात्र बरीच वर्षं घोड्यांचाच राहिला. धरणाच्या कामावर हात चिरडलेले गडी, सासरनं हाकललेल्या बायका, पाण्याखाली गाव गेलेली म्हातारी माणसं, असे सगळे तिथं निजत. सुरुवात केली होती मिशनच्या गोऱ्या मिसबाईंनी. त्या रजेवर विलायतेला गेल्या आणि लढाईमुळं परतीची बोट मिळेना म्हणून तिकडंच अडकल्या. तेव्हापासून पागा चालवायची ती तबिथाबाईंनी आणि वर बघून देवानं, आणि तबिथाबाईंचा हिशेब असा की देवाला इतरही पुष्कळ कामं असतात.

गावातली ख्रिस्ती घरं, म्हणजे रेल्वेतले फायरमन आणि बंगल्यांतले खानसामे, स्वयंपाकाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढत. रविवारी ते पागेत येई. पण ताट फुकट नव्हतं. पुरुषांनी कुंचे बांधायचे, इरली विणायची. बायकांनी बाजारातली दळणं दळायची. प्रार्थनेला ज्याला वाटेल त्यानं बसावं. जेवायला मात्र सगळ्यांनी एका पंगतीत. या पंगतीसाठी तबिथाबाई जेवढ्या भांडल्या होत्या तेवढ्या सैतानाशीही भांडल्या नसत्या.

त्या दिवशी उजाडता उजाडता त्या भाकरीचं पीठ घ्यायला स्वयंपाकाच्या खणात आल्या, तेव्हा विठाबाई चुलीपाशी भिंतीला चिकटून उभी होती. विठाबाई वडिवळ्याकडची, कुणब्याच्या घरातली, जिभेनं तिखट, आणि सहसा कशाला भिणारी नव्हे. आता तिनं नुसतं बोट दाखवलं.

लाकडांच्या ढिगापाशी उंदीर पडला होता. पाय वर, दात दिसताहेत.

चूल पेटवून लाकूड ओढलं तर हा गडगडत पायाशी आला, असं विठाबाईनं सांगितलं. मग म्हणाली, "मावशी, ह्यो पुरून टाकते परसात. तुमी बगितलं न्हाई, म्या बगितलं न्हाई."

तबिथाबाईंच्या मनात अगदी तेच आलं होतं, म्हणून त्यांना जास्त राग आला. लहानपणी पुण्यात पहिल्या प्लेगात त्यांच्या शेजाऱ्यांनी असाच एक उंदीर परसात पुरला होता. त्या घरातली माणसं एकेक करून बाहेर नेताना त्यांनी खिडकीतून पाहिली होती, आणि नंतर त्या खिडकीतून बघायला त्यांची आईही उरली नव्हती.

त्यांनी उंदरावर रिकामी पाटी उपडी घातली आणि पलीकडच्या खणात गेल्या. पुतळी तिथं निजली होती.

पुतळी ही नवसू कातकऱ्याची नात. आईबाप धरणाच्या कामावर तापानं गेले, आणि म्हातारा पोरीला खांद्यावर घेऊन पावसाच्या सुरुवातीला पागेच्या दारात येऊन उभा राहिला होता. आता चार-सहा दिवस पोरीलाही ताप येत होता. काल रात्रीपर्यंत तबिथाबाई त्याला हिवताप समजत होत्या. थंडी वाजून चढायचा, घाम येऊन उतरायचा, हिवतापच. आता मात्र त्यांनी झोपलेल्या पोरीच्या काखेत बोटं घालून गाठ चाचपली. मग दुसऱ्या काखेत, मग जांघेत, मग मानेला. काही लागलं नाही. पुन्हा चाचपलं. गाठ नंतरही येते हे त्यांना माहीत होतं; त्यांचा नवरा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता, आणि त्याच्याकडून त्या जे शिकल्या होत्या त्यातलं निम्मं शिकल्या नसत्या तर आज बरं झालं असतं.

मग त्या दाराच्या चौकटीवर टेकून विचार करत राहिल्या. महिपतीला सांगितलं तर दुपारपर्यंत सगळे माळावर. माळावर वारा असा की उभ्या माणसाचं धोतर राहत नाही, आणि वर पावसाची भुरभुर. ताप आलेल्या पोरीला प्लेगच्या आजाऱ्यांच्या वेगळ्या छपरात नेतील. ती तिथून परत येईल का, याचं उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं. शिवाय घरमालक टपलेलाच होता. एकदा पागा रिकामी झाली की तो कुलूप घालणार, आणि मिसबाई परत येतील तेव्हा त्यांना दाखवायला कुलूप तेवढं उरेल. आणि नाही सांगितलं तर? त्यांना त्या खिडकीतून दिसलेल्या तिरड्या आठवल्या.

महिपतीचा आवाज खालच्या आळीतून ऐकू येत होता. प्रत्येक घरापाशी थांबत, वर सरकत.

तबिथाबाईंनी सगळ्यांना उठवलं. माणसं डोळे चोळत पागेच्या मधल्या वाटेत गोळा झाली. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की उंदीर पडलाय, महिपती आला की मी त्याला दाखवणार, आपापली बोचकी बांधा. कुणी रडलं नाही. या माणसांना बोचकी बांधायची सवय होती, आणि तेच तबिथाबाईंना बघवेना. एक म्हातारी तर आपलं गाठोडं आधीच काखेत धरून उभी होती.

नवसू तेवढा हलला नाही. तो पुतळीच्या उशाशी उकिडवा बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये घालून. तबिथाबाईंना वाटलं, पोरीचं भय. त्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, नवसूआबा, मी तिच्याबरोबर छपरात येईन, तिला एकटी ठेवणार नाही.

म्हाताऱ्यानं वर पाहिलं नाही. जमिनीलाच म्हणाला, "त्यो उंदीर पडल्याला न्हाई, मावशी. माजा हाय."

मग त्यानं जे सांगितलं ते असं. पोरीच्या तोंडाला चव नव्हती. पागेतल्या कण्या ती तोंडात धरून ठेवायची आणि थुंकायची. काल दुपारी तिनं उंदीर मागितला, आईच्या हातचा. आई कुठून आणणार? उंदीर आणता येत होता. तो संध्याकाळी भातखाचरांच्या बांधावर गेला, बीळ उकरलं, एक मोठा मारला आणि सागाच्या पानात गुंडाळून लाकडांमागं ठेवला. पहाटे कुणी उठायच्या आत निखाऱ्यावर भाजून पोरीला द्यायचा होता. विठाबाई आधी उठली.

"मग मगाधरनं तोंडात काय मूग व्हते का?" विठाबाई म्हणाली.

याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, तबिथाबाईंना सगळ्यांत जास्त. नवसू पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या बोचक्यात असाच एक भाजलेला उंदीर निघाला होता. पंगतीतली माणसं ताटं टाकून उठली, विठाबाई सर्वांत पुढं. मोठ्या कष्टानं बसवलेली पंगत मोडताना बघून तबिथाबाईंनी सगळ्यांदेखत म्हाताऱ्याला बजावलं होतं की हे असलं इथं शिजणार नाही, आणि परत दिसलं तर पागा सोडावी लागेल. म्हातारा मान हलवून गप्प बसला होता. सगळ्यांनी एकत्र जेवावं म्हणून त्यांनी एकाचं जेवण बंद केलं होतं, आणि त्या रात्री समाधानानं प्रार्थना केली होती.

पण आता प्रश्न तो नव्हता. म्हातारा खरं बोलतोय का, हा होता. नातीला छपरात नेऊ नये म्हणून माणूस काय वाटेल ते बोलेल. त्या स्वतः बोलल्या असत्या.

त्यांनी विठाबाईला विचारलं, पान होतं का उंदराभोवती?

विठाबाईनं पुष्कळ आठवून पाहिलं. चूल पेटवायला ती रोज ढिगाशेजारचा पालापाचोळाच घालत होती. "आसंल बी, नसंल बी," ती म्हणाली. "आंधारात जे हाती आलं ते चुलीत घातलं. म्या काय पानाचं त्वांड बघत बसले व्हय?"

म्हणजे पुरावा होता तो राख झाला होता. तबिथाबाईंनी पाटी उचलून उंदराकडं पाहिलं. उंदीर बिळातला की घरातला, हे त्यांना त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं.

नवसू पुढं आला. त्यानं उंदीर शेपटीला धरून उचलला आणि विचारलं, भाजू का?

महिपतीचा आवाज आता कोपऱ्यावरच्या भट्टीपाशी होता.

तबिथाबाईंनी मान हलवली. हो म्हणून हलवली की काय म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. म्हाताऱ्यानं निखारे पुढं ओढले, उंदराची लव जाळली, काटकीनं खरवडली, पोट साफ केलं, परत निखाऱ्यांवर धरला. हात घाईत नव्हते. विठाबाईनं पदर नाकाला लावला, पण जागची हलली नाही. तबिथाबाई त्याच्या इतक्या जवळ उभ्या होत्या की धुरानं त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ठरवलं होतं, हा थबकला, एकदा जरी माझ्याकडं बघितलं, तर हातातला घास उडवून लावायचा आणि महिपतीला आत बोलवायचं.

नवसूनं उंदीर पानावर काढला आणि फुंकर घातली. पाठीवरचं मऊ मांस सोडवलं, बोटांनी चाचपून त्यातलं बारीक हाड काढून टाकलं. पुन्हा चाचपलं, दुसरं हाड काढलं. त्यानं स्वतः चाखलं नाही. तबिथाबाईंकडं बघितलं नाही. पुतळी भिंतीला टेकून बसली होती, तिच्या ओठांवर घास लावून तो म्हणाला, "हळू खा गो. पोळंल."

पोरीनं तोंड उघडलं.

तबिथाबाईंचा हात उचललेला होता, तो तसाच राहिला. आपल्याला मरू दिलं असतं यानं, असं त्यांच्या मनात आलं, आपल्या सगळ्यांना फसवलं असतं. पण प्लेगच्या उंदराचा घास नातीला भरवताना हाडं अशी कुणी काढत नाही. पोरगी चावत होती. दुसऱ्या घासासाठी तिनं आजाचं मनगट धरलं.

तेवढ्यात महिपती दारात आला. चिमटा डब्यावर वाजवून त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला, आणि बोचकी घेऊन उभी असलेली माणसं बघून स्वतःच दोन पावलं मागं सरकला.

"पडला नाही," तबिथाबाई म्हणाल्या. "आणलेला होता. या, बघून घ्या."

त्यांनी त्याला सगळं सांगितलं, पोरीच्या तापासकट. महिपतीनं पोरीकडं पाहिलं, गाठ आहे का विचारलं, पानावरची शेपटी चिमट्यानं उलटसुलट केली. गेल्या महिन्याभरात लोकांनी त्याच्यापासून उंदीर लपवले होते, पुरले होते, शेजाऱ्याच्या अंगणात टाकले होते. भाजून समोर ठेवलेला हा पहिलाच.

"खानारा जित्ता ऱ्हायला तर माजं काय म्हननं न्हाई," तो म्हणाला. "पर मावशी, मी रोज येनार. रोज पोरीला बगनार. आन गाठ दिसली तर मला गोष्टी सांगू नका."

तो गेला. माणसांनी बोचकी सोडली. विठाबाईनं चूल शेणानं सारवली, मग पुन्हा सारवली, आणि सारवताना कातकऱ्यांच्या सात पिढ्यांविषयी जे बोलायचं ते बोलून घेतलं. दुपारी पंगत बसली तेव्हा तिनं आपलं ताट नवसूच्या ताटापासून हातभर लांब ठेवलं. लांब, पण ओळीतच. तबिथाबाईंनी तिकडं बघितलं नाही. एक जुनी खापरी त्यांनी चुलीच्या डाव्या अंगाला ठेवली आणि नवसूआबांना सांगितलं की ही तुमची, हिच्यात काय शिजवायचं ते उजेडी शिजवा.

दुपारी पुतळीला थंडी वाजून ताप भरला. हिवतापच, तबिथाबाई स्वतःला म्हणाल्या, आणि कोयनेलची पुडी काढली.

पण त्या दिवसापासून त्यांना पुतळीचे केस विंचरायचा नाद लागला. सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा, कामं टाकून. त्या पोरीला मांडीत घेत, मानेवरचे केस वर उचलत, आणि गुंता काढता काढता त्यांची बोटं मानेवरून कानामागं, तिथून खाली काखेपर्यंत जाऊन येत. पोरीला गुदगुल्या होत. ती हसे आणि विचारे, मावशी, उवा काखेत असत्यात का गं?

असतात कधी कधी, तबिथाबाई सांगत, आणि पुन्हा पहिल्यापासून विंचरायला घेत.